व्हिडिओ एक्स्पोर्टला वेळ लागतो म्हणून लॅपटॉप दुकानात देताय? आधी हे वाचा

लग्न, मुंज, देवळातल्या उत्सवाची नाटकं शूट करायची आणि घरी लॅपटॉपवर एडिट करायची, असं काम करणारी मुलं गोव्यात गावोगाव आहेत. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, कुठेही बघा. त्यांच्यासाठी लिहितोय. म्हापशातल्या एका रिपेअरिंगवाल्याने मला गंडवलं, तसं आणखी कुणाचं होऊ नये.

माझी तक्रार साधी होती. फोर-के व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की सुरुवातीला झपाझप जायचा, मग पंखा घोंघावायला लागायचा आणि वेग निम्म्यावर यायचा. दुकानदाराने लॅपटॉप सुरूसुद्धा न करता निदान केलं. "रॅम कमी पडते भाई, डिस्क पण जुनी. रॅम सोळाची बत्तीस करूया, एसएसडी टाकूया, मग बघा कसा पळतो." चौदा हजारांच्या वर बिल झालं. आणि घरी आणल्यावर एक्स्पोर्ट आधीपेक्षाही रखडायला लागला. परत गेलो तर सूर बदललेला: "मदरबोर्ड वीक झालाय. आपल्याकडची खारी हवा. चिप लेव्हलचं काम आहे, आठ हजार होतील."

खारी हवा म्हटलं की इथे कुणालाही पटतं, कारण इथल्या दमट हवेत सामान खराब होतं हे आपण रोज बघतो. त्याच खऱ्या गोष्टीच्या आडून खोटं गळ्यात मारतात, याची मला सर्वांत जास्त चीड आहे.

आठ हजार दिले नाहीत. पणजीला एडिटिंग करणाऱ्या मित्राकडे गेलो. त्याने एक्स्पोर्ट लावला आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो, म्हणजे प्रोसेसरचा वेग आणि तापमान दाखवणारा प्रोग्राम, उघडलं. रॅम बारा जीबीच्या पुढे जातच नव्हती, म्हणजे जुनी सोळा पुरत होती. डिस्कचं तर गणितच सोपं आहे. माझा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. साधी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास वाचते. एसएसडीने विंडोज लवकर उघडतं, टाइमलाइन कमी अडकते, पण एन्कोडिंगचं, म्हणजे व्हिडिओ दाबून नव्या फाइलमध्ये बसवण्याचं, काम प्रोसेसरचं.

आणि प्रोसेसर ०.८ गिगाहर्ट्झ एवढ्या कमी वेगावर बसला होता. तापमान फक्त बावन्न अंश. मित्र म्हणाला, "तापलेला नाही आणि तरी धावत नाही, म्हणजे याला वीज मिळत नाही. अडॅप्टर दाखव." उलटा केला. लेबलवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. म्हणजे ६५ वॉट. लॅपटॉपबरोबर आलेला होता १३० वॉटचा, त्यावर ६.६७ अँपिअर असतं. दिसायला तसाच काळा, पिन तीच, फक्त वजनाला हलका. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये, पाहिलं तर तिथे अडॅप्टर ओळखताच येत नव्हता. बऱ्याच लॅपटॉपमध्ये अडॅप्टर कमी वॉटचा किंवा अनोळखी निघाला की लॅपटॉप आपणहून प्रोसेसरचा वेग पाडतो. दुकानात माझा ओरिजिनल काढून डुप्लिकेट दिला होता, आणि त्यामुळे आलेल्या मंदपणावर 'मदरबोर्ड'चे पैसे मागत होते.

मूळ दुखणंही वेगळंच निघालं. दुसऱ्या तंत्रज्ञाने खालचं झाकण काढलं. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये आपल्या तांबड्या मातीची धूळ आणि कपड्यांचे तंतू मिळून नमद्यासारखा थर जमला होता. वारा जायला वाटच नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, त्यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट, काम काही शे रुपयांत झालं. कंपनीचा अडॅप्टर मात्र पदरचे पैसे घालून आणावा लागला.

तेव्हा दुकानदार पार्ट सुचवेल तेव्हा त्याच्यासमोर एक्स्पोर्ट लावा, टास्क मॅनेजरमधलं परफॉर्मन्स उघडा आणि दहा मिनिटं तरी चालू द्या, कारण उष्णतेचा त्रास पहिल्या मिनिटाला दिसत नाही. रॅम भरते का, डिस्क शंभर टक्क्यांवर जाते का, की प्रोसेसरचा वेगच खाली येतो? जीपीयूमध्ये, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या पानावर, 'व्हिडिओ एन्कोड'चा आलेख शून्यावर सपाट असेल तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग चालू करून बघा, म्हणजे ते काम ग्राफिक्स चिपकडे जातं; त्याला पैसे लागत नाहीत. ही सोय इंटेलमध्ये क्विक सिंक नावाने २०११ पासून आहे, एनव्हिडियामध्ये एनव्हेंक नावाने २०१२ पासून. तेवढ्याच बिटरेटला दर्जा किंचित उतरतो, पण लग्नाच्या व्हिडिओला मी तेच वापरतो.

लॅपटॉप देताना अडॅप्टर शक्यतो देऊच नका. द्यावाच लागला तर वॉट आणि सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि काढलेले जुने पार्ट परत मागा.

दुकानदार म्हणतो, "हाच तुमचा अडॅप्टर." माझ्या लॅपटॉपच्या मूळ बिलावर १३० वॉट छापलेलं आहे. ते बिल आणि डुप्लिकेटच्या लेबलचा फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार केली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो.