कापडी पाठीची स्कोअरबुक: क्रीडालेखनाकडे वळणाऱ्या चाहत्याने घ्यावी का?

सांगलीत क्रिकेटवर मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. विजय हजारे इथे जन्मले, स्मृती मानधना इथे वाढली. पण बातमी मतावर उभी राहत नाही, नोंदीवर राहते. 1948 च्या ॲडलेड कसोटीत हजारेंनी दोन्ही डावांत शतक केलं, 116 आणि 145. हे आकडे आज आपल्याला ठाऊक आहेत ते कुणीतरी चेंडूमागून चेंडू लिहून ठेवला म्हणून. त्यामुळे खेळावर लिहायचं मनात असेल तर पहिली खरेदी हीच: खेळसाहित्याच्या दुकानात साधारण दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारी आडवी, कापडी पाठीची स्कोअरबुक.

घेताना आधी शिवण बघा. दोऱ्याने शिवलेली वही मांडीवर सपाट उघडते. नुसत्या गोंदाने चिकटवलेलीची पानं अर्ध्या हंगामात सुटी होतात. मग गोलंदाजीच्या तक्त्यात षटकांचे रकाने मोजा. टी-20 मध्ये एका गोलंदाजाला चारच षटकं मिळतात, तिथे आठ रकाने भरपूर झाले. पन्नास षटकांच्या सामन्याला मात्र किमान दहा हवेत, नाहीतर शेवटची षटकं समासात कोंबावी लागतात आणि बेरीज तिथेच चुकते.

खरी अडचण चौकटींच्या आकाराची. एक षटक घ्या: निर्धाव, एक धाव, वाइड, चौकार, बळी, लेगबाय, दोन धावा. चेंडू सात, चौकटीत जागा सहा ठिपक्यांची. तेव्हा पहिल्या चेंडूपासूनच बारीक आणि डावीकडून लिहायची सवय लावा. या षटकात गोलंदाजाच्या नावावर 8 धावा लागतात आणि संघाच्या 9 होतात, कारण लेगबाय त्याच्या खात्यात जात नाही, वाइड जातो. नवख्यांची चूक नेमकी इथेच होते: वाइड अवांतरात मांडतात आणि गोलंदाजाकडे मांडायचा विसरतात. डाव संपला की दोन्ही बाजू जुळवा. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय व लेगबाय, या दोन्ही बेरजा संघाच्या धावसंख्येइतक्या आल्याच पाहिजेत. धावबाद गडी गोलंदाजाच्या बळींत धरू नका.

कागद पातळ आहे. जेल पेन घामाच्या हाताने फासतो आणि मागच्या पानावर उमटतो. एचबी पेन्सिल सर्वांत बरी.

या वहीत खेळलेले चेंडू आणि मिनिटं यांना रकाना नाही, ही मोठी उणीव. पट्टीने दोन उभ्या रेघा मारून तो आखून घ्या. बळी पडला की समासात तीन-चार शब्द टाका: ‘आखूड, पुल, मिडविकेटला झेल’. मोबाइलवरचं ॲप बेरीज बिनचूक करतं, पण हे तीन शब्द ते तुमच्यासाठी लिहीत नाही आणि बातमीतलं जिवंत वाक्य त्यांच्यातूनच निघतं. आपल्याकडे एका संघात तीन-तीन पाटील असतात, म्हणून नाणेफेकीआधीच कर्णधाराकडून पूर्ण नावं उतरवून घ्या. दैनिकाला दोन-अडीचशे शब्द पुरतात: पहिल्या वाक्यात कोण, कुणाविरुद्ध, किती धावांनी किंवा गड्यांनी, शेवटी संक्षिप्त धावफलक.

कबड्डीला ही वही निरुपयोगी. चढाई तीस सेकंदांची, तेवढ्यात रकाने शोधायला सवड नसते. साधं रेघी रजिस्टर घ्या, सात खेळाडूंना सात ओळी, आणि खुणा ठरवून टाका: स्पर्श, बोनस, पकड. बचावात तीन किंवा कमी खेळाडू असताना पकड झाली तर सुपर टॅकल, म्हणजे दोन गुण. त्या खुणेभोवती वर्तुळ काढा. लोण चढला, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद झाला, की आडवी रेघ मारा, सामना कुठे फिरला ते नंतर चटकन दिसतं.

यात्रेतल्या कुस्ती मैदानाला खिशातली डायरी पुरे. मल्लाचं नाव, गाव, तालीम, इनाम, वेळ, आणि कुस्ती कोणत्या डावावर सुटली: घिश्शावर की एकचाकवर. गादीवरच्या स्पर्धेत वजनगट आणि प्रकार विसरू नका. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचं कांस्य सर्वांना तोंडपाठ असतं. ते 57 किलो फ्रीस्टाइलमधलं, हे बातमीत लिहावंच लागतं.

क्रिकेटपुरती ही स्कोअरबुक निःशंक घ्या, फक्त दहा षटकांचे रकाने असलेलीच मागा.