उडीला बिचकणाऱ्या कुत्रीसाठी सरावाचा अडथळा

आडवी दांडी एकदा पायावर आपटल्यापासून आमची चार वर्षांची कुत्री उडी मारण्याऐवजी अडथळ्याला वळसा घालू लागली होती. असा नकार पुष्कळदा दुखण्यामुळेही येतो, म्हणून आधी पशुवैद्यांकडून तिचे सांधे आणि पाठ तपासून घेतली आणि मगच हा सरावाचा प्लॅस्टिकचा अडथळा मागवला. त्याची खरी जमेची बाजू ही की दांडी खाचेत नुसती टेकवलेली असते. पंजा लागताच ती पडते आणि कुत्रीला मार बसत नाही.

पहिले आठ दिवस दांडी जमिनीवरच ठेवून, ती ओलांडली की खाऊ दिला, आणि तोही हातातून नव्हे, तर दांडीपलीकडे जमिनीवर, कारण हाताकडे पाहत उडी मारणारे कुत्रे मान वर ताणते आणि त्याची उडी बिघडते. पुढे उंची पाच-पाच सेंटिमीटरने वाढवली. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या अडथळा-शर्यतीच्या (अ‍ॅजिलिटी) नियमांनुसार मोठ्या कुत्र्यांच्या गटाची उडी 55 ते 60 सेंटिमीटरची असते. आम्ही सध्या 30 वर आहोत आणि मला घाई नाही.

खाचा मात्र फारच उथळ आहेत. जरा वारा सुटला की दांडी आपोआप घरंगळते, आणि त्या खडखडाटाने तिने दोनदा कान पाडून माघार घेतली. टोके मोकळी सोडून दांडीवर जुना मोजा चढवल्यावर आवाज बराच दबला.