भिंत, पडदा, पाटी: काही महिने 'अनेक देवनागरी'सोबत

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांना आधीच सांगते. प्रदर्शनाची पॅनेलं, गाण्याच्या कार्यक्रमांची व्हिज्युअल्स आणि दुकानांचं ब्रँडिंग अशी तिन्ही कामं मराठीत करणाऱ्याला एकच देवनागरी फॉन्ट ठेवायची सक्ती झाली, तर त्याने 'अनेक' ठेवावा. लोगोसाठी मात्र तो जसाच्या तसा वापरू नये. का, ते पुढे येईलच.

'अनेक' मुंबईच्या एक टाइप या गटाचा. मुक्ता आणि मोदक हे फॉन्ट ज्यांचे, तेच हे लोक. २०२२ मध्ये गूगल फॉन्ट्सवर आला. नऊ भारतीय लिप्या आणि रोमन असा मोठा संसार आहे, त्यातली देवनागरी कैलास मालवीय यांची. फॉन्ट व्हेरिएबल आहे. एकाच फाइलीत जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ टक्के, मधे हवी तिथे थांबा. जाडीचं अप्रूप मला फारसं नव्हतं, कारण मुक्तामध्येही सात जाड्या आहेतच. सगळी गंमत रुंदीत आहे.

रोमनमध्ये ओळ भरायची असेल तर अक्षरांमधली जागा वाढवतात, काम झालं. देवनागरीत ही जागा, म्हणजे ट्रॅकिंग, वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाऐवजी सुटी अक्षरं रांगेत उभी राहतात. कमी केली तर काना शेजाऱ्याच्या अंगात घुसतो. त्यामुळे आपल्याकडे दोनच उपाय चालत आले: पॉइंट, म्हणजे अक्षराचं माप, कमी-जास्त करा, नाहीतर कोरलसारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरात अक्षर कडेने धरून ओढा. आडवं ओढलेल्या अक्षराचा उभा दंड सुजतो, शिरोरेषा होती तेवढीच राहते आणि सगळा शब्द आजारी दिसायला लागतो. कुठल्याही चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हे पाहून घ्या. रुंदीचा अक्ष, म्हणजे फॉन्टमधली रुंदी सरकवायची पट्टी, ही ओढाताण थांबवतो. दंडाची जाडी ताब्यात राहते, अक्षराचं पोट तेवढं कमी-जास्त होतं. रोमनवाल्यांना ट्रॅकिंगमधून जे मिळतं, ते आपल्याला मिळायची खरी वाट ही आहे असं माझं आता ठाम मत झालंय.

प्रदर्शनाच्या कामात याचा पहिला उपयोग झाला तो द्वैभाषिक पॅनेलांवर. वर मराठी, खाली इंग्रजी, दोन्ही एकाच रुंदीच्या रकान्यात. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून त्याच पॉइंटला मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान दिसतं. दोन्ही लिप्या एकाच आकड्यावर ठेवल्या की मराठी मजकूर पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसतो. मी मराठी साधारण १५ टक्के मोठं ठेवते आणि ओळींमधलं अंतर दीडपटीच्या खाली नेत नाही. यात मराठी जास्त जागा खातं. तिथे रुंदी ९० च्या आसपास आणली की मजकूर रकान्यात बसतो आणि वाचणाऱ्याला काही दाटल्यासारखं वाटत नाही. ८० च्या खाली परिच्छेद नेऊ नका. शीर्षकाला चालतं, सलग वाचनाला नाही. चित्राशेजारच्या लेबलला मराठी २४ पॉइंटच्या खाली नको, हेही जाता जाता. कलादालनात येणारे निम्मे लोक चष्मा शोधत असतात.

भिंतीवर व्हिनाइल कापून लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट नीट सांगते, कारण ती कुणी लिहून ठेवत नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते, म्हणून तर ती पडद्यावर सलग दिसते. शिवाय व्हेरिएबल फॉन्टात एकाच अक्षराचे भागही एकमेकांवर चढलेले असतात. मजकूर नुसता कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे निव्वळ आकार करून, कापणाऱ्या यंत्राला, प्लॉटरला, दिला तर सुरी या प्रत्येक सांध्यावरून फिरते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. कर्व्ह केल्यावर सगळे आकार एकत्र जोडून घ्यायचे, मग बाह्यरेषेच्या दृश्यात एकदा नजर टाकायची, मगच फाइल पाठवायची. आणि व्हिनाइलला ३०० पेक्षा कमी जाडी नको. कागद सोलताना बारीक शिरोरेषा हातात येते.

आता पडदा. या फॉन्टवर माझे सर्वात जास्त तास इथे गेले.

अभंगांच्या आणि फ्यूजनच्या कार्यक्रमांना मागे एलईडी भिंत असते आणि गायकाला हवं असतं की शब्द 'गाण्याबरोबर हलावेत'. पूर्वी मी यासाठी प्रत्येक शब्दाचं अ‍ॅनिमेशन आधी बनवून ठेवायचे. पण मैफलीत बुवा एखादी ओळ किती वेळा घोळवतील याचा नेम नसतो. म्हणून आता सगळं ब्राउझरमध्ये चालवते. व्हेरिएबल फॉन्टचे दोन्ही अक्ष सीएसएसमधून, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून, थेट हलवता येतात आणि ब्राउझरच्याच वेब ऑडिओ या सोयीतल्या अ‍ॅनालायझरमधून आवाजाचे खालच्या-वरच्या सुरांचे वेगवेगळे पट्टे मिळतात. खालचा पट्टा, म्हणजे पखवाजाचा धुमा किंवा डग्गा, मी जाडीला जोडते. टाळांचा वरचा पट्टा रुंदीला जोडून पाहिला, पण टाळ एकदा लागले की थांबतच नाहीत, शब्द सतत फुगलेला राहतो. तेव्हा रुंदी गायकाच्या आवाजाच्या चढ-उताराला दिली. लांब आलाप आला की शब्द हळूहळू पसरतो. हे दिसायला फार सुरेख आहे. शिरोरेषा न तुटता अख्खा शब्द श्वास भरल्यासारखा रुंदावतो. रोमन अक्षरांत हा परिणाम मिळतच नाही, कारण तिथे शब्दाला जोडून ठेवणारी रेघच नसते.

अडचणी मात्र आहेत, आणि त्या समजून घेतल्याशिवाय कार्यक्रमाला जाऊ नये. जाडी वाढली की अक्षराची रुंदीही वाढते, म्हणजे प्रत्येक ठोक्याला ओळ उजवीकडे उडी मारते. मधोमध ठेवलेली ओळ तर दोन्ही बाजूंना धडधडते आणि तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षकांचे डोळे दुखतात. उपाय असा की जाडी जेवढी वर जाईल त्या प्रमाणात रुंदी खाली आणायची, म्हणजे शब्दाची एकूण लांबी जवळजवळ स्थिर राहते. प्रमाण शब्दागणिक बदलतं. 'विठ्ठल'चं वेगळं, 'माउली'चं वेगळं. मी महत्त्वाच्या शब्दांचे आकडे वेगळे काढून ठेवलेत. दुसरं, अ‍ॅनालायझरचे आकडे कच्चे वापरू नका, गुळगुळीत करून घ्या. त्यात गुळगुळीतपणाचा आकडा मुळात ०.८ असतो, तोही मला द्रुत लयीत थोडा सुस्त वाटतो, म्हणून ०.७ च्या आसपास ठेवते. तिसरं, दर फ्रेमला फॉन्टचा अक्ष बदलणं म्हणजे ब्राउझरला अक्षरं दर वेळी नव्याने मांडायला लावणं. एक-दोन शब्दांपुरतं ठीक. चार ओळींचं कडवं असं हलवलं की साधा लॅपटॉप मान टाकतो. कडवं स्थिर ठेवा, धृपदाचा एक शब्द हलवा.

एलईडी भिंतीचंही गणित असतं. भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच भिंतींवर दोन पिक्सेलमधलं अंतर ३.९१ मिलिमीटर असतं. म्हणजे पडद्यावर ४० पिक्सेल उंचीचं अक्षर प्रत्यक्षात जेमतेम १५-१६ सेंटिमीटर. त्या ४० पिक्सेलमध्ये रफार, मात्रा आणि उकार बसवायचे असतात. तिथे १०० किंवा २०० जाडी म्हणजे नुसतं लुकलुकणं; ५०० पासून वर जा. उलट टोकाला, जाडी ८०० आणि रुंदी ७५ हे दोन्ही एकदम लावले तर क, फ, क्ष, ह्म यांची पोटं बुजतात. छापील पोस्टरवर हाच संयोग झकास दिसतो, भिंतीवर नाही.

आणि पोकळ अक्षरं, म्हणजे नुसती बाह्यरेषा असलेली, जी सध्या प्रत्येक बँडला हवी असतात, ती विसरा. वर सांगितलेले शिरोरेषेचे सांधे इथे उघडे पडतात आणि अक्षराच्या आत नको त्या रेघा दिसतात. हा 'अनेक'चा दोष नाही, कर्व्ह न केलेल्या कुठल्याही देवनागरी मजकुराचं हेच होणार. ब्राउझरमध्ये आधी रेघ आणि तिच्यावर पार्श्वभूमीच्या रंगाचा भराव असा क्रम दिला तर निभावतं, पण मागे व्हिडिओ असला तर तोही मार्ग बंद.

पाट्यांकडे येते. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली: नामफलकावर मराठी देवनागरीत, आधी, आणि इतर लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिल्यावर तर सगळ्यांची एकदम धावपळ उडाली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या ब्रँडिंगच्या कामात 'आमचा इंग्रजी लोगो आहे, त्याचं मराठी करून द्या' ही मागणी कायम असते. पाटीची लांबी ठरलेली, इंग्रजी नाव सहा अक्षरांचं, मराठीत ते कधी निम्म्या जागेत मावतं तर कधी दीडपट होतं. इथे ७५ ते १२५ ही पट्टी अक्षरशः कामाला येते. दोन्ही लिप्यांची उंची राखून लांबी जुळवता येते आणि फाइलीत रोमनही असल्याने दोन्हींची जाडी एका मापात राहते. अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापून घेणार असाल तर आणखी एक फायदा: शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एका तुकड्यात निघतो, बसवायला सोपा. अनुस्वार तेवढा सुटा पडतो, त्याला स्वतंत्र खिळा लागतो. बसवणाऱ्याला हे आधी सांगा, नाहीतर चिंच नावाच्या दुकानाची 'चिच' व्हायला वेळ लागत नाही.

फाइल हातावेगळी करण्याआधी ल आणि श जरूर तपासा. २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत, आणि ओपनटाइप या आजच्या नेहमीच्या प्रकारातल्या फॉन्टांत ही मराठी वळणं बहुधा भाषेच्या सेटिंगला बांधलेली असतात. सॉफ्टवेअरात भाषा हिंदी राहिली तर अक्षरं हिंदी वळणाची येतात. ग्राहकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

एवढं सगळं असून लोगोसाठी तो तसाच का नको? एक तर फुकट आणि खुल्या परवान्याचा फॉन्ट सगळ्यांकडे आहे. शेजारच्या गल्लीतला सलूनवाला उद्या तोच लावेल. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'अनेक'ची रेघ जवळजवळ एकसारख्या जाडीची आहे. बोरूच्या टोकातून येणारा जाड-बारीकपणा तिच्यात नाही, आणि असावा अशी तिची इच्छाही नाही. पॅनेलवर हा तटस्थपणा गुण ठरतो. नावात मात्र थोडी मिजास लागते. अक्षरकार कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची जी शीर्षकं केली ती आठवून पाहा, नाव वाचायच्या आधी नाटकाचा बाज कळायचा. ते काम कुठल्याही अक्षावरची खूण सरकवून होत नाही. मी 'अनेक'मध्ये शब्द लावते, रुंदी-जाडी ठरवते, आणि तिथून पुढे कर्व्ह करून गाठी, वळणं, काना हाताने बदलते. सांगाडा त्यांचा, चेहरा माझा. परवान्यात याला पूर्ण मुभा आहे. फक्त फॉन्टची फाइल एकटी विकायची नाही.

शास्त्रीय गायनाच्या निमंत्रणपत्रिका आणि कवितांची पोस्टर्स यांसाठी मी तो वापरायचं थांबवलंय. तिथे थंड वाटतो.

उतरवणाऱ्यांसाठी: गूगल फॉन्ट्सच्या झिपमध्ये वर व्हेरिएबल फाइल असते आणि वेगळ्या फोल्डरमध्ये स्थिर जाड्या-रुंद्या. स्वतःच्या कामाला व्हेरिएबल ठेवा. प्रेसवाल्याला कर्व्ह केलेली पीडीएफ द्या, आणि त्याला मजकूर बदलता यायलाच हवा असेल तर स्थिर फाइलींपैकी वापरल्या असतील तेवढ्याच द्या. छपाईच्या दुकानातल्या सॉफ्टवेअरात इंडिक मांडणी, म्हणजे भारतीय लिप्या नीट जुळवायची सोय, बंद असेल तर वेलांटी उलट्या बाजूला जाते आणि खापर फॉन्टवर फुटतं, म्हणून जोडाक्षरांनी भरलेली एक चाचणी ओळ मी प्रत्येक फाइलीच्या कडेला ठेवते: 'ज्येष्ठ सुऱ्या, उद्ध्वस्त किल्ल्यात क्षणभर थांब'. ती बरोबर उमटली तर बाकीचं सहसा बरोबर येतं.