सातपुड्याच्या लाकडाला मोरा कंपॅनियन पुरतो का?

खानदेशात हाती येणारं लाकूड म्हणजे बाभूळ, कडुनिंब, साग, नाहीतर अंजन. वाळलेलं अंजन कुऱ्हाडीलाही दाद देत नाही. मग स्वीडनच्या मोरा गावातला हा हलका चाकू इथे टिकेल का? टिकतो, पण त्याच्याकडून कोयत्याचं काम करून घेतलं नाही तरच.

पातं 104 मिलिमीटर लांब, 2.5 मिलिमीटर जाड. धारेचा उतार रुंद, सपाट आणि दोन्ही बाजूंनी एकच. याच्या खरेपणाची ओळख तासकामात पटते. उतार लाकडावर टेकवला की कोन आपोआप सापडतो. तंबूची खुंटी टोकदार करा, काठीची साल काढा, की जाळ पेटवायला वाळक्या काठीवर कुरळे कीस उभे करा. ओल्या कडुनिंबाची साल तर फितीसारखी सलग सुटते. रबरी मूठ घामातही सरकत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ही मोठीच गोष्ट आहे.

बिघडतं ते गाठीवर. बाभळीच्या वाळक्या गाठीत धार रुतवून चाकू आडवा पिळला की टवका उडतो. पातळ धार सरळ जोर सोसते, आडवा नाही. पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फोडायचं तर ते अंगठ्याएवढं, सरळ आणि बिनगाठीचं हवं. आतलं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, म्हणून मनगटाएवढा ओंडका याच्या वाट्याला देऊ नये.

पोलाद दोन प्रकारचं मिळतं. कार्बनच्या पोलादाला दगडावर धार लवकर लागते, पण ते भरीताची वांगी चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं आणि पावसाळ्यात गंजतं. रोज पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवायची सवय नसेल तर स्टेनलेसच घ्या. आमचा कौल स्टेनलेसला. फेरो रॉडवर, म्हणजे खरवडल्यावर ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीवर, ठिणगी पाडायची असेल तर मात्र एक काम करावं लागतं. पाठीच्या कडा गोलसर येतात, त्यामुळे मुठीजवळची इंचभर पाठ खरबरीत दगडावर घासून काटकोनी करावी. ग्राइंडरवर नको. पातं निळं पडलं की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा.

धार लावताना संपूर्ण उतार 1000 ग्रिटच्या ओल्या दगडावर सपाट टेकवा. मूठ जराही उचलू नका, उचलली की धार गोल होते. पलीकडच्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागेपर्यंत घासा, मग बाजू बदला, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, दहा-बारा वेळा ओढा. प्लास्टिकच्या म्यानात काळ्या मातीची धूळ साचते आणि पात्यावर ओरखडे उठतात. म्यान धुवून, वाळवूनच चाकू आत घाला.

यावल अभयारण्यात किंवा राखीव जंगलात झाडतोड आणि जाळ करू नका. सराव शेताच्या बांधावरच्या वाळक्या फांद्यांवर करा. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं परवान्याखाली येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. हा चाकू त्या मापाच्या बराच आत आहे. तरी बाजारात, गर्दीत कमरेला लावून फिरू नये.

जाड काम जास्त असेल तर लोहाराकडून गाडीच्या कमानीच्या पाट्याची सुरी करून घ्या. पाणी देताना तेलच वापरायला सांगा. हे पोलाद साध्या पाण्यात बुडवलं तर तडकू शकतं. नंतर पुन्हा हलकी आच देऊन गवती पिवळा रंग येईपर्यंत तापवायला हवं, नाहीतर धार काचेसारखी ठिसूळ राहते. घेताना धारेवर बारीक कानस फिरवून पाहा. कानस सहज चावली तर पातं मऊ आहे. मग पातं डोळ्यासमोर धरून धारेच्या रेषेत बघा. वाकडं दिसलं तर मूठ बसवण्याआधीच परत द्या.