मश्रूम कोरल काढण्याची घरपोच सेवा: बडोद्यातला अनुभव
दांडिया बाजारातल्या आमच्या घरच्या समुद्री टाकीत (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात) निळ्या डिस्कोसोमा जातीच्या मश्रूम कोरलने, म्हणजे छत्रीसारख्या मऊ प्रवाळाने, वर्षभरात निम्मा खडक व्यापून शेजारच्या झोअँथस या प्रवाळासारख्या जीवांना झाकून टाकले, म्हणून एका दुकानाची देखभाल-सेवा बोलावली. कारागिराने सुरीने कोरल खरवडले आणि तिथेच चुकले; बुडाचा नखाएवढा तुकडा खडकावर राहिला तरी त्यातून नवे मश्रूम उगवते, आणि झालेही तसेच: महिन्याभरात एका जागी चार बटणे दिसू लागली. तक्रारीनंतर मात्र त्यांनी पंप बंद ठेवून कोरल मारण्यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची (चुन्याची) दाट पेस्ट सिरिंजने थेट कोरलच्या तोंडावर सोडली, तीही एका वेळी तीन-चारांवरच, कारण अधिक वापरल्यास पाण्याचा पीएच चढतो. दुसऱ्या भेटीचे पैसे घेतले नाहीत, हे मान्य. पण हे पहिल्याच भेटीत का सुचले नाही?