माल्टाच्या समुद्रगुहा आणि हवा भरायची कयाक: दोन हंगामांच्या वापरानंतर

माल्टात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाला कयाक घ्यावीशी वाटली, तर पहिली अडचण ती ठेवायची कुठे ही असते. भाड्याच्या घरात आणि अरुंद जिन्यात साडेतीन-चार मीटरची टणक कयाक मावत नाही. म्हणून मी ड्रॉप-स्टिच तळाची, हवा भरून वापरायची दोन माणसांची कयाक घेतली आणि गेल्या वर्षीच्या वसंतापासून ती जवळजवळ केवळ गुहा पाहण्यासाठी वापरली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या पद्धतीच्या बहुतेक कयाकींचे गुणदोष थोड्याफार फरकाने सारखेच आहेत.

ड्रॉप-स्टिच तळाचे वरचे आणि खालचे कापड आतून असंख्य धाग्यांनी जोडलेले असल्यामुळे पुरेसा दाब भरल्यावर तो फळीसारखा ताठ होतो. मात्र किनाऱ्यावर उन्हात भरलेली हवा पाण्यात उतरल्यावर थंड होते आणि तळ किंचित मऊ पडतो, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा चार-सहा वेळा पंप मारावा लागतो. दुपारी कयाक खडकावर काढून ठेवायची असेल तर उलट थोडी हवा सोडावी, नाही तर शिवणींवर ताण येतो.

गुहेत शिरताना या कयाकीचा खरा फायदा कळतो. बाजूच्या फुगीर नळ्या भिंतीवर आपटल्या तरी कयाक फक्त मागे सरकते, आणि रुंद तळामुळे मागे वळून छत पाहतानाही ती डगमगत नाही. पाण्याच्या रेषेवरचा चुनखडीचा खडक मात्र धारदार असतो. तेथे घासून माझ्या कयाकीच्या बाहेरच्या थरावर ओरखडे उठले आहेत, पण भोक अद्याप पडलेले नाही. तळाखालचे फिन, म्हणजे दिशा धरून ठेवणारे पाते, उथळ तोंडाच्या गुहांमध्ये दगडात अडकते. ते काढून टाकले तर गुहेत सुख होते, पण उघड्या पाण्यात कयाक सरळ जात नाही.

सर्वांत मोठा दोष वाऱ्याचा. कयाक हलकी, पाण्यावर उंच तरंगणारी, त्यामुळे मध्यम वाऱ्यातही ती बाजूला वाहत जाते. माल्टात सर्वाधिक वेळा वायव्येकडून मायिस्त्राल वारा वाहतो, आणि तेव्हा दक्षिण किनाऱ्यावरच्या वीद इझ-झुर्रीअच्या खाडीत पाणी शांत असते, कारण कड्यांचा आडोसा मिळतो. पण हाच वारा कयाकीला किनाऱ्यापासून दूर, उघड्या समुद्राकडे ढकलतो, म्हणून मी कड्यापासून दोन-तीन वल्ह्यांहून अधिक अंतर कधीही ठेवत नाही. आग्नेयेचा श्लॉक वाहत असेल तर तो किनारा सोडून उत्तरेकडे जावे किंवा घरी बसावे.

याच खाडीतून पुढे ब्लू ग्रोटो ही प्रसिद्ध समुद्रगुहा लागते. तिची मुख्य कमान सुमारे तीस मीटर उंच आहे, पण खरी मजा तिच्या शेजारच्या लहान गुहांत आहे. सकाळचे ऊन पाण्याखालून आत येते, पांढऱ्या वाळूवरून परावर्तित होते, आणि पाणी लाल रंग शोषून घेत असल्यामुळे निळाच उरतो. वल्हे बुडवले की त्याचे पाते त्या निळ्यात उजळते. भिंतीवर, पाण्याच्या रेषेला लागून, गुलाबी शैवालाचा पट्टा दिसतो आणि सावलीतल्या कोपऱ्यांत नारिंगी प्रवाळ. पर्यटकांच्या होड्या सुरू होण्याआधी येथे पोहोचणे चांगले, कारण त्यांच्या लाटा गुहेत भिंतीवरून उलटून येतात आणि कयाकीला चहूबाजूंनी हलवतात.

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फार कमी, माल्टात सुमारे वीस सेंटिमीटर, त्यामुळे गुहेचे तोंड दिवसभर जवळजवळ तेवढेच उघडे राहते. वेंगुर्ल्याच्या खडकांवरील गुहांकडे जाणाऱ्याला हे ऐकून हेवा वाटेल. तरीही येथे मिल्हुबा नावाचा प्रकार आहे: हवामानातील बदलामुळे काही मिनिटांच्या अंतराने पाणी लक्षणीय चढते-उतरते. बुटक्या छताच्या गुहेत शिरण्यापूर्वी मी बाहेर थांबून भिंतीवरची ओली रेषा बराच वेळ पाहतो, आणि दूरवरून येणारी लांब लाट असेल तर आत जातच नाही. आत कोंडलेली हवा लाटेबरोबर दाबली जाऊन घुमल्यासारखा आवाज करू लागली, की निघण्याची वेळ झाली असे समजावे.

हेल्मेट घाला, हे मी आग्रहाने सांगेन. माल्टाच्या गोझो बेटावर द्वेयरा येथे असलेली अझूर विंडो ही नैसर्गिक दगडी कमान 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. चुनखडी झिजते आणि तुटते, हे लक्षात ठेवावे. त्याच ठिकाणचे आतले तळे सुमारे 80 मीटरच्या बोगद्यातून समुद्राला मिळते. बोगद्याबाहेर पाणी एकदम खोल होते आणि तेथे नवशिक्याचे काम नाही.

देखभालीत सर्वाधिक वेळ जातो तो सुकवण्यात. गोड्या पाण्याने धुऊन झाल्यावरही शिवणीत मीठ आणि ओल राहतेच, आणि कयाक घाईने गुंडाळली की दोन दिवसांत वास सुटतो. एका व्हॉल्व्हमध्ये वाळूचा कण अडकून हवा हळूहळू जात होती; रबरी पडदा काढून पुसल्यावर ते थांबले. पाठटेका मात्र पट्ट्यांनिशी सारखा घसरतो आणि विक्रेत्याने त्यावर अजून उत्तर दिलेले नाही. वर्षभर राहणाऱ्यांना मी अशी कयाक घेण्यास सुचवेन. आठवड्यासाठी येणाऱ्यांनी ती भाड्यानेही घेऊ नये. वीद इझ-झुर्रीअच्या कोळ्यांच्या होडीत बसावे, कारण लाट ओळखण्यात ते आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत.