नागपुरातील ‘ड्रायव्हिंग नजर तपासणी’ : आर्वीहून जाऊन घेतलेला अनुभव

आर्वी तालुक्यातील आमच्या गावाहून नागपूरला मी गेली अनेक वर्षे स्वतः गाडी चालवत ये-जा करीत आलो आहे. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निष्पन्न झाले आणि फील्ड टेस्टच्या (नजर समोर स्थिर ठेवून आजूबाजूचे किती दिसते, हे मोजणाऱ्या तपासणीच्या) दोन्ही अहवालांत खालच्या भागात काळे डाग उमटले. ते अहवाल एकावर एक ठेवून पाहिले असता डावीकडे खाली एक पट्टा असा उरतो, जिथे दोन्हीपैकी कोणत्याच डोळ्याला धड दिसत नाही. गंमत अशी की, परवान्याच्या फॉर्म १ मध्ये विचारतात ती २५ मीटरवरची नंबरप्लेट मी आजही चष्मा लावून सहज वाचतो. नंबरप्लेट वाचायला नजरेचा फक्त मधला भाग लागतो आणि काचबिंदू बहुधा तो भाग शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. इंग्लंडमध्ये परवान्यासाठी दोन्ही डोळे मिळून आडवे किमान १२० अंशांचे दृष्टिक्षेत्र मागतात. आपल्याकडच्या फॉर्ममध्ये असा आकडा नाही. त्यामुळे ‘गाडी चालवू की नको’ या प्रश्नाचे उत्तर मला कागदावर कुठेच मिळत नव्हते. म्हणून गाडी चालवताना आपली नजर कुठे कुठे जाते, हे यंत्राने टिपणारी, नागपुरातील एका खासगी नेत्र रुग्णालयाने सुरू केलेली ही तपासणी मी १,८०० रुपये भरून करून घेतली.

तपासणीचे तत्त्व सोपे आहे. पडद्याखालच्या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतात. त्याची चकाकी बुबुळावर पडते आणि कॅमेरा ती चकाकी व बाहुलीचा मध्य यांतील अंतर मोजत राहतो. डोळा वळला की हे अंतर बदलते आणि त्यावरून नजर पडद्यावर नेमकी कुठे आहे, हे संगणक काढतो. त्याआधी पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या नऊ ठिपक्यांकडे पाहून यंत्राला आपल्या डोळ्यांची ओळख करून द्यावी लागते. हे काम पाच मिनिटांचे म्हणून सांगितले होते; मला पंचवीस मिनिटे लागली. माझ्या बायफोकल चष्म्याच्या काचेवर प्रकाश परावर्तित होत होता आणि वयामुळे उतरलेली पापणी बाहुलीचा वरचा भाग झाकत होती. तिथल्या मुलीने न कंटाळता खुर्ची वर-खाली केली, चष्मा नाकावर किंचित वर सरकवून धरायला लावला आणि “काका, हनुवटी टेकवूनच ठेवा, फक्त डोळे फिरवा,” हे किमान दहा वेळा तितक्याच गोड आवाजात सांगितले. तिला माझ्याकडून पूर्ण गुण.

त्यानंतर स्टिअरिंग आणि पेडल जोडलेल्या टेबलासमोर बसून पडद्यावरच्या रस्त्यावर गाडी चालवायची असते आणि कोणी आडवे येताना दिसले की स्टिअरिंगवरचे बटण दाबायचे असते. बारा प्रसंगांपैकी अकरांत मी बटण दाबले. खरी तपासणी मात्र त्यानंतर सुरू होते, कारण तेच चित्रण पुन्हा लावतात आणि तुमची नजर जिथे जिथे गेली, तिथे लाल वर्तुळ फिरताना दाखवतात. हुकलेला प्रसंग एका सायकलस्वाराचा होता. तो चौकात डावीकडून येत होता, आणि मी डावीकडे पाहिले होते याची मला पक्की खात्री होती. यंत्रही तेच सांगत होते. लाल वर्तुळ डावीकडे गेले, सायकलस्वाराच्या डोक्याच्या वीतभर वरून सरकले, मागच्या भिंतीवर क्षणभर थांबले आणि परत समोरच्या गाडीवर आले. तो माणूस माझ्या त्या खालच्या पट्ट्यात बसला होता. तिथे मला काळा डाग दिसला नव्हता. आजूबाजूच्या रस्त्याचा रंग घेऊन मेंदूने ती जागा लिंपून टाकली होती. मुलीने चित्रण तीनदा मागे नेऊन दाखवले. तिसऱ्या वेळी बाजूला बसलेल्या माझ्या पुतण्याने माझ्याकडे पाहिले नाही, हे मी नजरेचे यंत्र नसतानाही टिपले.

एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल झाले, असे मी म्हणेन. काचबिंदूच्या रुग्णांवर लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत डेव्हिड क्रॅब आणि सहकाऱ्यांनी २०१० साली केलेल्या अभ्यासात, वाहतुकीच्या चित्रफिती पाहताना या रुग्णांची नजर निरोगी माणसांपेक्षा सरासरीने जास्त उड्या मारते, असे आढळले होते. माझ्या अहवालातही उड्या जास्तच होत्या. डॉक्टरांनी समजावले की, जे गेले ते भरून काढायला डोळे आपसूक धडपडतात. ही धडपड योग्य दिशेने होते की नाही, हेच यात पाहायचे. माझी धडपड डावीकडे होती, पण खाली नव्हती.

आता तक्रार, आणि ती किरकोळ नाही. प्रणाली परदेशातून आणलेली असल्याने पडद्यावरची वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. हा केवळ सवयीचा प्रश्न असता तर मी लिहिले नसते. पण माझा दोष डावीकडे आहे. उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीत डावीकडून येणारा माणूस आधी समोरून येणाऱ्या गाड्यांची बाजू ओलांडतो, म्हणजे तो लांबून दिसू लागतो आणि मला सावरायला अवधी मिळतो. आमच्या रस्त्यावर डावीकडे थेट कडा असते. शेळी, शाळेतून सुटलेले पोर किंवा रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनच्या कडेला मांडलेले दगड, हे सारे गाडीच्या डाव्या चाकापासून हातभर अंतरावर आणि नेमके माझ्या त्या पट्ट्यात असते. म्हणजे बारापैकी अकरा हे माझे गुण दुसऱ्या देशातल्या रस्त्याचे आहेत. अहवालात मात्र याचा उल्लेख नव्हता. ‘जोखीम : कमी’ एवढेच छापले होते. मी हे निदर्शनास आणून दिल्यावर डॉक्टरांनी मुद्दा मान्य केला आणि त्याच कागदावर हाताने शेरा लिहून सही केली. ही त्यांची सचोटी, पण जो रुग्ण विचारणार नाही, तो ‘कमी’ वाचून निश्चिंत घरी जाईल. शिवाय त्या चित्रात दिवाबत्ती नसलेली बैलबंडी नाही, कापसाने दोन्ही बाजूंना फुगलेली ट्रॉली नाही, आणि अंधारात एकदम उडी मारणारा रोही (नीलगाय) तर नाहीच.

दुसरा टप्पा कॅमेरे बसवलेला चष्मा घालून खऱ्या गाडीत होतो. शेजारी प्रशिक्षक आणि त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. येथे वाहतूक आपली असल्याने उपयोग जास्त व्हायला हवा होता. परंतु मला एप्रिलमधील दुपारी तीनची वेळ दिली होती. उन्हातही अवरक्त किरण असतातच, त्यात यंत्राची चकाकी हरवते, आणि डोळे किलकिले केले की बाहुलीही झाकली जाते. परिणामी जवळजवळ तिसरा हिस्सा वेळ चित्रणात लाल वर्तुळच नव्हते. विदर्भातल्या उन्हात ही तपासणी सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर ठेवावी, हे रुग्णालयाला रुग्णाने सांगावे लागू नये. जे चित्रण मिळाले, त्यात वळणावर माझी नजर वळणाच्या आतल्या कडेवर टिकून होती. अनुभवी चालकांचे असेच होते, असे लँड आणि ली या संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले आहे. तळेगावच्या सत्याग्रही घाटात घालवलेली वर्षे अगदीच वाया गेली नाहीत म्हणायची.

एकूण पाचपैकी तीन तारे देतो. काचबिंदू असलेल्यांनी आणि पक्षाघातानंतर एका बाजूचे दिसणे गेलेल्यांनी ही तपासणी जरूर करावी, पण छापील निष्कर्षापेक्षा चित्रण पाहण्यासाठी करावी आणि घरातले एक माणूस सोबत न्यावे. हा कागद आरटीओत चालत नाही. व्यावसायिक परवान्याला डॉक्टरचा फॉर्म १अ लागतोच. मी स्वतः सूर्यास्तानंतर स्टिअरिंग पुतण्याकडे दिले आहे आणि दिवसा गावातून जाताना डावीकडे बघून लगेच खाली बघण्याचा सराव करतो आहे. पत्नी शेजारी बसून “खाली” असे म्हणत असते. जाणाऱ्यांनी जुना साधा चष्मा असल्यास बरोबर ठेवावा आणि काजळ लावू नये. शेवटी दृष्टिपटल पाहण्यासाठी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात आणि पुढचे काही तास उन्हात काही सुधरत नाही. ही गोष्ट नोंदणी करताना सांगत नाहीत, म्हणून परतीची गाडी चालवणारा माणूस घरूनच घेऊन निघावे.